आबांनी अंगठ्यानं निवडलेलं घड्याळ

एक काम करा. दोन्ही कानांत बोटं घाला, अगदी घट्ट, आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवून बोलायला सांगा. ओठ हलताना दिसतील, भुवया वर जातील, हातवारे दिसतील. आवाज मात्र खोल विहिरीच्या तळातून आल्यासारखा. तसेच थोडा वेळ बसा. आता मनात एक शेड उभी करा, पत्र्याच्या छताची, इतकी लांब की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसावा. तिच्यात ओळीनं साचे, म्हणजे कापड विणणारी मोठमोठी यंत्रं. प्रत्येक साच्यात लाकडी धोटा इकडून तिकडे फेकला जातोय आणि प्रत्येक फेकीला एक ‘खट्ट’. असे शेकडो साचे, सगळे एकदम चालू. तिथं कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही कळत नसे, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. सूत तुटलं, तहान लागली, साहेब येतोय, घरी पाहुणे आलेत, प्रत्येकाची वेगळी खूण.

अशा शेडमध्ये तुमचं सगळं तरुणपण गेलं असतं, तर बाहेर आल्यावरही कानांतली बोटं निघालीच नसती. नागनाथ आबांचं तसंच झालं होतं. सोलापूरची ती गिरणी कधीच बंद पडली, साचे भंगारात गेले. आबांच्या कानांतला तो आवाज गेला नाही, आणि दुसरा कुठलाही आवाज नीट आत आला नाही.

भवानी पेठेतल्या त्यांच्या घरात पाच माणसं होती. आबा, मीनाबाई आज्जी, चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला जाणारे पप्पा म्हणजे रत्नदीप, दवाखान्यात नर्स असलेली आई दीक्षा, आणि सहावीतली बुद्धप्रिया. आबांवर सगळ्यांचा जीव होता. समोर असलं तर ओठांवरून त्यांना थोडंफार कळे, पण काही नीट विचारायचं म्हणजे तीनदा ओरडायचं, आणि ओरडताना चेहरा रागावल्यासारखा होतो. म्हणून हळूहळू कुणी विचारेनासं झालं होतं. नवा कूलर आला तो आबांनी थेट दारातच बघितला. भिंती हिरव्या झाल्या तेव्हा रंगारी शिडीवर चढल्यावर त्यांना रंग कळला. पप्पांनी कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण त्यात बोलण्याबरोबर भांड्यांचा, पंख्याचा, गाड्यांचा, सगळ्यांचा एकच कल्ला व्हायचा. आबांनी ते दोन दिवस लावलं आणि रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. त्यानंतर ते जास्तच गप्प झाले.

बुद्धप्रिया तेवढी त्यांच्याशी हातांनी बोले. शेडमधल्या खुणा तिला येत होत्या, आणि जिथं खूण नव्हती तिथं दोघांनी नवी केली होती. गणिताच्या पेपरची खूण म्हणजे पोटावर हात ठेवून डोळे फिरवायचे.

एकदा ती मैत्रिणीच्या घरून आली. तिथं तिला मैत्रिणीच्या पणजोबांचा पितळी अडकित्ता बघायला मिळाला होता, मोराच्या आकाराचा. आल्या आल्या तिनं आज्जीला विचारलं, “आज्जी, आपल्या घरात सगळ्यात जुनं काय आहे?”

आज्जी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुजा आबा.”

दोघी खदखदून हसल्या. आबांनी दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि ‘काय?’ अशी मान उडवली. बुद्धप्रियानं हातांनी सगळं सांगितलं. अडकित्ता, मोर, पणजोबा, आणि मग आपल्या घराकडे बोट करून रिकामे तळवे.

आबा हसले नाहीत. ते म्हणाले, “खरंच की. माज्या बापाचं एक भांडंबी न्हाय ऱ्हायलं. फोटोबी न्हाय. दुसऱ्याच्या बांधावर राबून गेला. मागं ठेवायला असाया तर पायजे काय.”

त्यांचं बोलणं, आपलं आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळं, नेहमी थोडं मोठं असे. त्या दिवशी मात्र ते हळू बोलले.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना त्यांनी जाहीर केलं. “आपण सुरू करायचं.”

“काय सुरू करायचं?” पप्पांनी विचारलं.

“एक जुनी वस्तू. घ्यायची, नीट करायची. आदी मी वापरनार, मागनं तू, मागनं ही.” त्यांनी बुद्धप्रियाकडे बोट केलं. “जेंच्या घरात हाय, तेंच्याबी घरात कुणीतरी पैल्यांदा आणलीच असंल की.”

“लोकाची जुनी वस्तू आपली कशी हुईल?” आज्जीनं हात हलवून विचारलं.

“सून लोकाच्या घरनंच येती. आपली हुती का न्हाय?”

आईनं हसू लपवत आज्जीच्या ताटात भाकरी वाढली.

वस्तू कुठली, तेही आबांनी ठरवून ठेवलं होतं. हातातलं घड्याळ, चावीचं. गिरणीत कुणी निवृत्त झालं की खात्यातली माणसं वर्गणी काढून त्याला घड्याळ द्यायची. जॉबर म्हणून, म्हणजे साचे दुरुस्त करणारा म्हणून, ते बांधायचा मान आबांचा असायचा. कितीतरी जणांच्या मनगटावर त्यांनी घड्याळ बांधलं. त्यांची पाळी येण्याआधीच फाटकाला कुलूप लागलं. “तवा घड्याळ लागतबी न्हवतं म्हना,” आबा म्हणाले, “भोंगा व्हायचा की. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. आता भोंगाबी न्हाय.”

पप्पांनी मोबाइल पुढे केला. एका खटक्यात कितीतरी घड्याळं सरकली. “आबा, हे बघा, जुन्या पद्धतीचं पण नवीन—”

आबांनी मोबाइल हळूच बाजूला सारला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “ही निवड माजी.”

पप्पांनी मान हलवली. बुद्धप्रियाला वाटलं, आबा इतके ताठ बसलेले आपण पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते.

मधल्या मारुतीच्या देवळाकडे एका बोळाच्या तोंडाशी सिद्रामप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन स्टुलं आणि एक काचेची पेटी. मागच्या गल्लीत पॉवरलूमचा कारखाना, पुढं रिक्षांचे हॉर्न. सिद्रामप्पांच्या एका डोळ्याला काळं भिंग चिकटलेलं असे. बोलताना ते कपाळावर सरकवायचे आणि मग तीन डोळ्यांनी बघतायत असं वाटायचं.

“या की काका. बसा. पोरीला शाळा न्हाय व्हय?”

“सुट्टी आहे,” बुद्धप्रिया म्हणाली, आणि आबा कशासाठी आलेत ते तिनं सांगितलं.

सिद्रामप्पांनी पेटीतून जुन्या घड्याळांचा ट्रे काढला. कुणाला पट्टा नाही, कुणाला काच नाही. त्यातलं एक मात्र झळझळीत निळ्या तबकडीचं होतं. बुद्धप्रियाचा हात आधी तिकडेच गेला.

“पोरी, थांब. जुन्या घड्याळाचं तोंड एवढं कोरं दिसलं तर काय समजायचं?”

“जपून वापरलं?”

“रंग लावलाय समजायचं. ह्ये भिंग घे, आकडे बघ.”

भिंगातून आकडे शेंगदाण्याएवढे दिसले. पाचाचा पाय वाकडा होता आणि आठाला रंगाचा एक थेंब लोंबत होता. बुद्धप्रियाला हसू आलं. तिनं आबांना भिंग दिलं. त्यांनी बघून घड्याळ ट्रेमध्ये परत ठेवलं आणि गालाला पावडर लावल्याची खूण केली.

मग एक परदेशी निघालं, सोनेरी. त्याचं काही मोडलं तर भाग मिळत नाहीत, असं सिद्रामप्पांनी सांगितलं. “पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं तर जेचे भाग मिळतेत ते घ्यावं. दिसायला साधं का असंना.” असं करत करत ट्रे रिकामा झाला आणि कापडावर दोन घड्याळं उरली. दोन्ही एकाच कारखान्यातली, एकाच जातीची, चावीची, पांढरी तबकडी पिवळट पडलेली. एकाची काच स्वच्छ होती, काटे चकचकीत. दुसऱ्याच्या काचेवर ओरखडे, काट्यांवर गंज, आणि चावी द्यायची गोल खुंटी पार झिजलेली.

“ही दोन घ्या,” सिद्रामप्पा म्हणाले. “पर दोन म्हंजे दोन न्हवं. दोनाचं एक करायचं. ह्यातलं एक तुमच्यासाठी नीट करतो, दुसरं फोडून त्येचे भाग त्येला लावतो. कुठलं ठेवायचं आनि कुठलं फोडायचं, तेवढं तुमी सांगा.”

बुद्धप्रियानं हे सगळं हातांनी आबांना सांगितलं. दोन बोटं, मग एक बोट. एक मूठ राहील, एक मूठ उघडेल.

आबांनी दोन्ही घड्याळांना चावी द्यायला लावली. मग त्यांनी जे केलं ते बघून सिद्रामप्पांनी भिंग पुरतं काढून ठेवलं. आबांनी डोळे मिटले, एक घड्याळ चिमटीत धरलं आणि अंगठ्याचं पेर त्याच्या पाठीवर टेकवलं. वैद्य नाडी बघतो तसं. मग दुसरं. परत पहिलं.

“साच्याचं असंच बघायचो मी,” ते डोळे न उघडता म्हणाले. “शेडमदी कानाचा उपेग न्हवता. लोखंडावर हात ठेवायचा. ठोका जोरात लागला तर साचा निरोगी. मंद लागला तर समजायचं, आजारी हाय.” त्यांनी डोळे उघडले आणि चकचकीत काट्यांचं घड्याळ वर धरलं. “ह्यो. लई जोर हाय ह्याच्यात. दुसऱ्यात जीवच न्हाय.”

“काका, जोर हाय खरा, पर—” सिद्रामप्पांनी सुरुवात केली.

आबा घड्याळाकडे बघत होते, ओठांकडे नाही. ते हसत होते. गालफडं वर गेली होती. सिद्रामप्पांनी बुद्धप्रियाकडे बघितलं, पुन्हा आबांकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मग ते तिला म्हणाले, “आसं कर. दोन्ही घरी न्या. सकाळी दोन्हीला चावी द्या, दोन दिस शांतपणे बघा, मग सांगा. एकदा मी पेचकस लावला आनि एक फोडलं, की मग मागं फिरायचं न्हाय.”

घरी त्या दिवशी सणासारखं झालं. आबांनी घड्याळ सगळ्यांच्या अंगठ्याखाली दिलं. पप्पांच्या, आईच्या, शेजारच्या दिपकच्या, जो नुसताच साखर मागायला आला होता.

“लागतोय का ठोका?”

“लागतोय, आबा,” दिपक मान हलवत म्हणाला आणि साखर विसरून गेला.

“डाक्टर झालाय आता,” आज्जी म्हणाली. “काल माजी कंबर दुखत हुती तवा न्हाय बघितली नाडी!”

आबांना ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा बघून ते समजले आणि उलट तिचंच मनगट धरून, डोळे मिटून, गंभीरपणे म्हणाले, “हितं बिघाड हाय. तोंड लई चालतंय.” आज्जीनं त्यांना सुपातलं पान फेकून मारलं.

आठवड्यातून एकदा त्यांच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद असते. त्या सकाळी भवानी पेठेतले पॉवरलूम थांबतात आणि गल्ली अशी शांत होते, की दोन घरांपलीकडची फोडणी ऐकू यावी. दुसऱ्या दिवशी तशीच सकाळ होती. पप्पा कामाला गेले होते, आई बाजारात, आबा चौकात गेले होते. बुद्धप्रिया खाटेवर पालथी पडून भूगोल वाचत होती. पुढ्यात दोन्ही घड्याळं होती. आबांचं आवडतं तिनं पेल्याला टेकवून उभं ठेवलं होतं, तोंड दिसावं म्हणून.

वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की काहीतरी खटकतंय.

तिनं पुस्तक मिटलं. कान जवळ नेला. टक्‌टक्... टक्‌टक्... टक्‌टक्. दोन ठोके घाईघाईनं एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि मग मध्ये एक जास्तीची जागा राहत होती. आवाज मोठा होता, पण चाल नीट नव्हती. तिनं घड्याळ आडवं ठेवलं. आता जरा सुधारलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. मग तिनं दुसरं कानाला लावलं, गंजक्या काट्यांचं. ते इतकं हळू बोलत होतं की श्वास रोखावा लागला. टक, टक, टक, टक. आडवं धरलं, उभं धरलं, उलटं धरलं. कुठंच एक ठोका मागे नाही, एक पुढे नाही.

तिनं दोन्ही घड्याळं उचलून विड्या वळणाऱ्या आज्जीपुढे धरली.

“आज्जी, जरा हे ऐक.”

आज्जीनं एक एक करून दोन्ही कानाला लावली. सूप बाजूला ठेवून परत लावली. “आगं बया,” ती म्हणाली, “ह्ये तर टकुरं फिरल्यावानी चालतंय.”

“आबांनी चुकीचं निवडलंय. आणि चांगलं आहे ते फोडायला देतायत!”

आज्जीनं घड्याळं खाटेवर ठेवली आणि पुन्हा विडी वळायला घेतली.

“मग सांगू का नको?” बुद्धप्रियानं विचारलं.

“मला इचारशील तर, मी न्हाय सांगनार. आता ह्या वयात टायमावर कुटं जायाचं हाय तेंला? पाच मिनटं मागं काय, पुढं काय. किती दिसांनी हासाय लागलाय मानूस.”

“पण ते नंतर पप्पांचं होणार. मग माझं.”

“ते बी खरंच हाय,” आज्जी म्हणाली आणि तिनं विडीला दोरा बांधून तोडला. “मग तुजं तू बघ, बये. मी सांगितलं तर म्हननार, तुला साच्यातलं काय कळतंय.”

आबा आले तेव्हा बुद्धप्रिया उंबऱ्यातच उभी होती. तिनं हात वर उचलला. ‘चूक’ची खूण तिला येत होती, अंगठा खाली करून हलवायचा, एवढीच होती ती. तेवढ्यात आबांनी तिचा तोच हात धरला, तिला खाटेवर बसवलं आणि घड्याळ तिच्या तळव्यावर ठेवलं.

“तुला एक सांगतो,” ते म्हणाले. “मला घरात कुनी काय इचारत न्हाय आता. मी राग न्हाय धरत. ऐकू येत न्हाय तेला काय इचारनार? पर मला वाटत हुतं, सगळंच गेलं का काय.” त्यांनी दोन्ही हातांची बोटं तिच्यासमोर पसरली. जाड, शेवटाला चपटी झालेली, नखांत अजून काळ्या रेघा. “तसं न्हाय. ह्येंला कळतंय आजून.”

बुद्धप्रियाचा खुणेसाठी निघालेला अंगठा मुठीत परत गेला. तिनं आबांच्या हातावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी तिला भाकरी गोड लागली नाही. गप्प बसावं तर चांगलं घड्याळ फुटणार, आणि घरातली पहिली वस्तूच लंगडी निघणार. बोलावं तर आबांची बोटं खोटी ठरणार. तिनं आईला विचारायचं ठरवलं, पण आई रात्रपाळीला निघाली होती. पप्पांना विचारलं तर ते सरळ आबांना ओरडून सांगतील, आणि ते ओरडणं शेजारच्या दिपकलाही ऐकू जाईल.

ठरल्या दिवशी आबांनी इस्त्रीचा सदरा घातला. सिद्रामप्पांच्या दुकानात मागचे लूम धडधडत होते. दोन्ही घड्याळं कापडावर ठेवली गेली.

“मग? काय ठरलं, काका?”

आबांनी चकचकीत काट्यांच्या घड्याळावर बोट ठेवलं. दुसरं त्यांनी दोन बोटांनी पुढे सरकवलं, पानातलं नको असलेलं सरकवतात तसं.

सिद्रामप्पांनी बुद्धप्रियाकडे बघितलं. तिनं नजर कापडावर वळवली. त्यांनी सुस्कारा सोडला, भिंग डोळ्याला लावलं, गंजक्या काट्यांचं घड्याळ उचलून पालथं केलं आणि त्याच्या पाठीच्या कडेला पातीचं टोक लावलं.

“थांबा!”

पात थांबली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं वळून बघितलं. आबांनी ऐकलं नाही, पण सिद्रामप्पांचा हात थांबलेला बघून त्यांनी नातीकडे मान वळवली.

बुद्धप्रियानं ठरवून काही केलं नाही. दोन्ही घड्याळं तिनं घेतली, पाठमोरी झाली, एक खिशात टाकलं आणि दुसरं मुठीत झाकून, उभं धरून, कानाला घट्ट लावलं. दुसऱ्या कानावर तिनं खांदा चढवला. मग आबांच्या बाजूला सरकून त्यांचा तळवा ओढून घेतला आणि मोकळ्या हाताची दोन बोटं त्यावर ठेवली. कानात पहिला ठोका पडला की पहिलं बोट, दुसरा पडला की दुसरं.

आबांना वाटलं, खेळ आहे. ते हसत होते. ती थांबली नाही. दोन बोटं एकमेकांच्या अंगावर पडत होती, मग जागा, मग परत एकमेकांच्या अंगावर. सुरुवातीला तिची लय चुकत होती. हळूहळू कान आणि बोटं एक झाली.

आबांचं हसू कमी कमी झालं. त्यांनी डोळे मिटले. कपाळावर आठी आली. मान जराशी एका बाजूला कलली, कुणी लांबून काही सांगतंय तशी.

“ह्यो साचा बरूबर लागलेला न्हाय,” ते म्हणाले. “एका बाजूला मारतोय. आत कायतरी ढिलं हाय, ते आदळतंय. आसाच चालवला तर मोडंल.” त्यांनी डोळे उघडले. “कुठला हाय?”

बुद्धप्रियानं मूठ उघडली. चकचकीत काटे उन्हात चमकले.

सिद्रामप्पा स्टुलावर बसल्या बसल्या मागे भिंतीला टेकले. “त्या दिशी हेच सांगत हुतो की मी,” ते हळूच म्हणाले. “आतल्या चाकाच्या आसाची काडी झिजलीय. चाक डुलतंय, कडेला धडकतंय. जोर न्हवं तो, आदळआपट हाय.” मग ते आबांकडे तोंड करून, ओठ मोठे हलवत बोलले, “तुमी बरूबर वळखलं, काका! ढिलं झालंय!”

आबांनी घड्याळ घेतलं. परत अंगठा लावला. बराच वेळ लावून ठेवला. अंगठ्याला अजून जोरच लागत होता. तो त्यांना खोटं सांगत नव्हता, पण पूर्णही सांगत नव्हता. बुद्धप्रिया त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला घाबरत होती. ते उठून चालू लागतील, असं तिला वाटलं. घरी जाऊन कपाटातल्या त्या रुमालाशेजारी ही घड्याळंही गुंडाळून ठेवतील, आणि पुन्हा कधी ‘ही निवड माजी’ म्हणणार नाहीत.

“साचा पाच-सहा हात लांबीचा असतोय,” आबा शेवटी म्हणाले, कुणाकडेही न बघता. “ह्यो एवढुसा. बोटाला मोठं मोठं तेवढंच कळतंय.” मग त्यांनी नातीकडे बघितलं. “कवा कळालं तुला?”

बुद्धप्रियानं हातांनी सांगितलं. वीज बंद. गल्ली शांत. घड्याळ उभं, घड्याळ आडवं.

“दोन दिस झाले म्हन की. मग बोलली का न्हाईस?”

त्याला खूण नव्हती. तिनं त्यांची बोटं धरली, जशी त्यांनी तिच्यासमोर पसरली होती तशी पसरली, आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

आबा समजले. त्यांनी तिच्या डोक्यावर एक टपली मारली, दुखेल अशी नाही. “येडी हायस,” ते म्हणाले. “जॉबर चुकला तर इणकरानं सांगायचं नसतंय व्हय? तेंनी न्हाय सांगितलं तर वार वार कापड फुकट जातंय.”

“मग आता काय करायचं, काका?” सिद्रामप्पांनी विचारलं. “ह्येला काडी घालून नीट करायचं म्हनलात तर ती काडी त्या दुसऱ्यातनंच काढावी लागंल. का ते ठेवायचं आनि ह्येचे काटे, काच, खुंटी त्येला लावायची? मी सांगत न्हाय. निवड तुमची.”

आबांनी ओठ वाचले. ‘तुमची’ या शब्दावर त्यांची नजर जरा थांबली. त्यांनी गंजक्या काट्यांचं घड्याळ तिच्याकडून मागून घेतलं, चावी दिली आणि नेहमीसारखा अंगठा लावायला गेले. मग मध्येच थांबले. ते घड्याळ त्यांनी बुद्धप्रियाच्या हातात दिलं, सदऱ्याची बाही वर सारली आणि आपला तळवा उघडून तिच्यापुढे धरला.

“ह्येचं सांग. मग ठरवतो.”

मागे लूम धडधडत होते. बोळातून एक रिक्षा हॉर्न वाजवत आत शिरली. बुद्धप्रियानं बाहीनं डोळे पुसले, दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड केलं, घड्याळ कानाच्या आत जाईल इतकं दाबून धरलं आणि श्वास रोखून वाट बघितली. ते अगदी हळू होतं, पण होतं. मग तिनं आबांच्या तळव्यावर पहिलं बोट टेकवलं, दुसरं टेकवलं, पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं, मध्ये सारखीच जागा सोडत, आणि आबांनी तिची बोटं आपल्या मुठीत धरेपर्यंत ती थांबली नाही.